दोन वार आणि एकोणीस सेकंद

ऑर्कुट आठवतंय? ते स्क्रॅप, ती टेस्टिमोनियल्स? तर २००६ च्या जानेवारीत माझ्या मावसभावाच्या ऑर्कुट प्रोफाइलवर पूर्ण एक महिना एकच फोटो होता. अंगात करपट नारिंगी रंगाचा टी-शर्ट, छातीवर लांब शिंगांच्या बैलाचं डोकं आणि चेहऱ्यावर एरंडेल प्यायल्याचे भाव! खाली मित्रांचे स्क्रॅपवर स्क्रॅप. त्यातला निम्मा टाइमपास मीच करत होते, कारण टी-शर्ट मी पाठवला होता आणि पैज मी जिंकले होते.

पैज कशावर? अमेरिकन फुटबॉलवर. म्हणजे ज्या खेळात फुट आणि बॉल यांची गाठ क्वचितच पडते, त्या खेळावर. तेही प्रोफेशनल नाही, कॉलेजच्या पोरांच्या मॅचवर.

हसू नका. मीही हसायचे.

२००५ च्या ऑगस्टमध्ये मी डोंबिवलीहून थेट टेक्सासमधल्या ऑस्टिनला एमएस करायला गेले. दादा (मावसभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा) एक वर्ष आधीच लॉस एंजेलिसला पोचला होता, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात, म्हणजे यूएससीत. आमच्या घरात दोघांचं कौतुक एकाच वाक्यात व्हायचं: 'दोन्ही मुलं अमेरिकेत.' ती अमेरिका म्हणजे एका टोकाला लोकलचा पास न काढता जाता येईल अशी काहीतरी जागा, असा मावशीचा समज होता. प्रत्यक्षात आमच्यात दोन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आणि रात्री नऊनंतर फ्री होणारी मोबाइलची मिनिटं.

त्या फ्री मिनिटांत आम्ही काय बोलायचो? आधी डाळ कुठली स्वस्त, मग प्रोफेसर कसा खडूस. ऑक्टोबरपासून मात्र फक्त फुटबॉल. कारण त्या वर्षी अख्ख्या देशात दोनच टीम हरायला तयार नव्हत्या. एक त्याची, एक माझी.

नऊवारी, वर एक वार

आता खेळ समजून घ्यायला हवा, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. मला तो समजावला आमच्या सांगलीच्या रूममेटने, पण खरा कळला तो आईला फोनवर सांगताना. मी तिला यार्ड यार्ड करत होते. ती म्हणाली, "अगं, यार्ड म्हणजे वारच ना? साडीचा?"

आई, तू ग्रेट आहेस.

तर ऐका. मैदान शंभर वार लांब. तुमच्या हातात बॉल आहे आणि तो समोरच्या टोकापलीकडे न्यायचाय. त्यासाठी एका वेळी चार प्रयत्न मिळतात. या चार प्रयत्नांत किमान दहा वार पुढे सरकायचं, म्हणजे एक नऊवारी आणि वर एक वार. तेवढं जमलं की पुन्हा चार प्रयत्न. नाही जमलं की बॉल समोरच्यांचा. म्हणूनच तीन प्रयत्नांत काम झालं नाही, तर बहुतेक टीम चौथ्यात बॉल लाथेने लांब उडवून देतात, किंवा जवळ असतील तर दोन खांबांमधून मारून तीन पॉइंट घेतात. चौथा प्रयत्न खरोखर खेळायचा म्हणजे जुगार. कबड्डीत शेवटच्या गड्याने बोनसच्या मोहात खोल शिरावं ना, तसं. बॉल टोकापलीकडे नेला की सहा पॉइंट, त्याला म्हणतात टचडाउन. त्यानंतर लाथेने एक पॉइंट मिळवायची संधी. किंवा हिंमत असेल तर पुन्हा एकदा घुसून दोन.

बस्स. बाकी हेल्मेट, खांद्यावरची पॅडं, दर दोन मिनिटांनी जाहिराती... ते सगळं नंतर सवयीचं होतं.

सवयीचं न होणारी गोष्ट म्हणजे वेड. शनिवारी मॅच असली की ऑस्टिनमध्ये ऐंशी हजारांचं स्टेडियम भरायचं. आपल्याकडे रणजीच्या फायनलला किती माणसं असतात ते आठवून बघा, आणि इथे खेळणारी पोरं १९-२० वर्षांची! बेव्हो नावाचा खराखुरा लांबशिंगी बैल मॅचला हजर असतो. पोळ्याला सजवतात तितका नाही, पण मान तितकाच. पब्लिक पहिलं आणि शेवटचं बोट वर करून शिंगं दाखवतं. आम्ही शाळेच्या गॅदरिंगला हरिण दाखवायला साधारण तशीच मुद्रा करायचो, त्यामुळे मला ते पहिल्या दिवसापासून जमलं.

बटाटेवाली

मॅचचं तिकीट मला परवडणारं नव्हतं. फी भरायला बाबांनी डोंबिवलीचा फ्लॅट तारण ठेवला होता आणि मी कॅम्पसवरच्या एका मेसमध्ये वाढप्याचं काम करत होते. तासाला सात डॉलरसुद्धा नाहीत. एफ-१ व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला फार तर वीस तास काम, आणि तेही कॅम्पसवरच. बाहेर एक तास जरी काम केलं तरी बॅग भरायची वेळ. मला उकडून घोटलेल्या बटाट्याचं काउंटर मिळालं होतं. इंजिनीअरिंगची डिग्री, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन, आणि हातात डाव!

तिथे एक दांडगा पोरगा यायचा. दरवाजातून आत येताना वाकायचा. 'मॅम' म्हणून हाक मारायचा आणि बटाटे जरा जास्त वाढा म्हणायचा. फुटबॉल टीममधला होता, पण मॅचमध्ये कधी उतरलेला मी पाहिला नाही. अशी बरीच पोरं टीममध्ये असतात, रोज प्रॅक्टिसमध्ये आपटून घेतात आणि शनिवारी कडेला उभी राहतात. एकदा गर्दी नव्हती, म्हणून मी त्याला विचारलं की टीमची जर्सी स्वस्तात कुठे मिळेल. ग्वाडलूप स्ट्रीटवरच्या दुकानात पन्नास-साठ डॉलरला होती आणि मला चार दिवसांच्या पगारापेक्षा जड होती. तो मोठ्याने हसला. म्हणाला, मॅम, मलाही ती विकतच घ्यावी लागते.

तेव्हा मला तो विनोद वाटला.

दुकानातल्या सगळ्या जर्सींवर नंबर होता १०. नाव नव्हतं. कॉलेजच्या खेळाडूचं नाव विकायचं नाही, असा नियम. पण ऑस्टिनमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं की १० नंबर म्हणजे व्हिन्स यंग, आमचा क्वार्टरबॅक. सहा फूट पाच इंच उंच, पळायला लागला की घाई नाही असं वाटायचं, आणि तरी कुणाच्या हाती लागत नाही.

हॉलीवूड विरुद्ध बैल

दादाची टीम म्हणजे स्टार लोकांची बारात. सलग ३४ मॅच जिंकलेली. कॉलेज फुटबॉलमध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला हाइजमन ट्रॉफी मिळते. यूएससीच्या क्वार्टरबॅक मॅट लाइनर्टला ती २००४ मध्ये मिळालेली आणि त्याचाच साथीदार रेजी बुशला २००५ मध्ये. एका टीममध्ये दोन हाइजमनवाले! वर लेनडेल व्हाइट नावाचा बुलडोझर. २००५ च्या मतदानात बुशच्या मागे दुसरा आला आमचा व्हिन्स यंग. दादाने त्या रात्री मला फोन करून फक्त "दुसरा" एवढंच म्हटलं आणि ठेवून दिला. अशी माणसं नातेवाईक म्हणून मिळतात, निवडता येत नाहीत.

आमचे सलग १९ विजय होते. सप्टेंबरमध्ये ओहायो स्टेटला त्यांच्या घरात २५-२२ ने हरवलेलं, डिसेंबरमध्ये आपल्या विभागाच्या फायनलला कोलोरॅडोला ७०-३. हो, सत्तर-तीन.

तेव्हा प्ले-ऑफ वगैरे नव्हतं. मतदान आणि कॉम्प्युटरच्या आकडेमोडीतून दोनच टीम निवडायच्या आणि त्यांनी एक मॅच खेळायची. सीझनमध्ये एकदा जरी हरलात तरी नशिबावर सोडून द्यायचं. कधी तीन टीमचा हक्क असायचा आणि भांडणं व्हायची. त्या वर्षी मात्र भांडायला जागाच नव्हती. अजिंक्य दोघंच, एक नंबर आणि दोन नंबर.

तारीख ४ जानेवारी २००६, बुधवार. जागा कॅलिफोर्नियातल्या पसाडीनाचं रोझ बोल स्टेडियम, यूएससीच्या कॅम्पसपासून जेमतेम वीसेक किलोमीटरवर. म्हणजे दादाला घरचं मैदान आणि आम्हाला परगाव.

सुट्टीमुळे ऑस्टिनचा कॅम्पस ओस होता. ज्यांना घरी जायचं तिकीट परवडलं नाही असे आम्ही सात-आठ देसी एका अपार्टमेंटमध्ये जमलो. टीव्ही कचऱ्याच्या डब्याशेजारून उचलून आणलेला. केबल नव्हती, पण मॅच एबीसीवर होती, ती साध्या अँटेनावर दिसते. फक्त अँटेना एका ठरावीक कोनात कुणीतरी धरायची. ही ड्यूटी पाळीपाळीने. मेनू: अंडा भुर्जी, ब्रेड आणि सांगलीकराने जपून ठेवलेला शेवटचा चिवडा.

रात्र

सुरुवात वाईट झाली. पहिल्या पंधरा मिनिटांनंतर यूएससी ७, आम्ही भोपळा. दुसऱ्या भागात रेजी बुशच्या हातात पास आला आणि तो सुसाट सुटला. ३७ वार! आमची वाट लागणार हे दिसत होतं. आणि मग या माणसाने, ज्याला महिनाभरापूर्वी देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलंय त्याने, पळता पळता शेजारच्याकडे बॉल टाकला. शेजारच्याला त्याची कल्पनाच नव्हती. बॉल जमिनीवर, आमचा माणूस त्याच्यावर. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये जिंकत आलेला बॅट्समन उगाच डावखुरा खेळून दाखवतो ना, अगदी तसं.

त्यातून आम्हाला तीन पॉइंट मिळाले आणि मग आमची गाडी लागली. त्यानंतरच्या आमच्या पहिल्या टचडाउनवर दादाचा आजही आक्षेप आहे. व्हिन्स यंगने बॉल साथीदाराकडे टाकला, त्याआधीच त्याचा गुडघा जमिनीला टेकला होता. टेकला होता, रिप्लेत स्वच्छ दिसतं. पंचांनी तो निर्णय रिप्ले पाहून तपासलाच नाही. पण त्याच टचडाउननंतरचा एका पॉइंटचा किक आमच्या पोराने हुकवला. मी दादाला म्हणते, देवाने एक पॉइंट कापला ना? मिटलं.

हाफ टाइमला आम्ही १६, ते १०. इथपर्यंत मॅच बरी होती. पुढे जे झालं त्याला बरी म्हणणं पाप आहे. उरलेल्या अर्ध्या वेळात दोन्ही टीमनी मिळून ५३ पॉइंट केले. कुणी कुणाला अडवूच शकत नव्हतं. लेनडेल व्हाइटने त्या रात्री तीन टचडाउन केले. बुशने एकदा शेवटच्या दोन-तीन वारांत अशी झेप घेतली की आमच्यातला त्रिचीचा पोरगा, जो भुर्जीसाठी आला होता, तोही उभा राहिला. मग ड्वेन जॅरेटने पास पकडला आणि स्कोअर झाला ३८-२६. वेळ उरलेली ६ मिनिटं ४२ सेकंद.

माझा मोबाइल वाजला. नऊ वाजून गेले होते, मिनिटं फ्री. मी उचलला नाही.

इथून पुढे जणू एकच माणूस खेळला. व्हिन्स यंगने आमची टीम मैदानभर ओढत नेली आणि १७ वार पळून स्वतःच टचडाउन केलं. ३८-३३, चार मिनिटं बाकी. आता बॉल यूएससीकडे. त्यांनी फक्त घड्याळ संपवायचं होतं.

आणि मग ते दोन वार.

दोन मिनिटं आणि काही सेकंद उरलेत. यूएससीचा चौथा प्रयत्न, हवेत दोन वार. दोन ब्लाउजपीस! जागा आमच्या टोकापासून ४५ वारांवर. त्यांचे कोच पीट कॅरल यांच्यापुढे दोन रस्ते. बॉल लाथेने लांब उडवून आम्हाला मागे ढकलायचं. किंवा दोन वार घेऊन मॅच तिथेच संपवायची, कारण पुन्हा चार प्रयत्न मिळाले असते तर आम्हाला बॉल बघायलाही मिळाला नसता.

कॅरल यांनी जुगार खेळला. बॉल दिला व्हाइटला. सगळ्या टेक्सासला माहीत होतं तो व्हाइटलाच देणार. ढीग झाला. माणसांवर माणसं.  कमी पडलं.

यावर वीस वर्षं वाद चालू आहे, त्यात माझंही मत घ्या. जुगार बरोबर होता. यंगला त्या रात्री ५५ वार दिले काय आणि ८५ दिले काय, तो थांबणार नव्हता. व्हाइटला बॉल देणंही मूर्खपणाचं नव्हतं, पठ्ठ्या त्या रात्री १२४ वार पळाला होता. पण त्या क्षणी रेजी बुश कुठे होता? मैदानाबाहेर! कडेला उभा राहून बघत होता. अरे, त्याला बॉल देऊ नका, पण आत तर उभा करा. आमच्या दोघा-तिघांचं लक्ष तरी त्याच्याकडे गेलं असतं. सचिनला नॉन-स्ट्रायकर एंडलासुद्धा न ठेवता पॅव्हेलियनमध्ये बसवून शेवटची ओव्हर खेळण्यासारखं आहे हे.

आता आमच्याकडे बॉल, समोर ५६ वार. अँटेना माझ्या हातात होती आणि माझी पाळी संपलेली असूनही कुणी हलायला तयार नव्हतं. मी हात वर करून, मान वाकडी करून, पडदा तिरका बघत होते. त्यामुळे अमेरिकन खेळाच्या इतिहासातली ती मिनिटं मी साधारण ४५ अंशांच्या कोनातून पाहिलीत.

यंग पास टाकत गेला, पळत गेला. २६ सेकंद उरले तेव्हा आमचाही चौथा प्रयत्न आला. हवेत पाच वार. पाचवारी! जमलं नाही तर सगळं संपलं.

यंगने बॉल घेतला, पास द्यायला कुणी मोकळा आहे का बघितलं. नव्हता. मग तो उजवीकडे वळला आणि चालायला निघाल्यासारखा पळाला. कोपरा मोकळा होता. कुणाचा हात लागला नाही. आठ वार, टचडाउन, घड्याळात १९ सेकंद.

मी अँटेना सोडली. पडद्यावर मुंग्या आल्या. सगळे माझ्यावर ओरडले, मी पुन्हा पकडली. तेवढ्यात यंगने वरचे दोन पॉइंटही पळूनच घेतले होते. ४१-३८. यूएससीचा शेवटचा लांब पास हुकला आणि संपलं. टेक्सासला १९७० नंतर मिळालेलं पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद.

यंगचे त्या रात्रीचे आकडे आजही वाचताना अंगावर येतात: पासचे २६७ वार, पळून बरोबर २००, एकूण ४६७. स्टेडियममध्ये ९३,९८६ माणसं आणि टीव्हीसमोर साडेतीन कोटींहून जास्त. कीथ जॅक्सन हे कॉलेज फुटबॉलचा आवाज मानले जाणारे समालोचक, त्यांची ही शेवटची मॅच. आपल्याला तेव्हा त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी फक्त कॅमेरा कडेला गेला की बटाटेवाला पोरगा शोधत होते. एकदा दिसला. हेल्मेट काढून रडत होता.

आम्ही सगळे स्वेटर अडकवून ग्वाडलूपवर पळालो. ओस पडलेल्या गावात इतकी माणसं कुठून आली देव जाणे. गाड्यांचे हॉर्न, अनोळखी लोकांच्या मिठ्या, एका आजोबांनी मला उचलून फिरवलं. कॅम्पसवरचा उंच टॉवर पूर्ण नारिंगी उजळला होता आणि खिडक्यांचे दिवे लावून त्यावर '१' काढला होता. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की या गावात मी राहते. नुसती फी भरत नाही.

दादाला परत फोन केला. "तुझा टी-शर्ट साइज काय रे?" एवढंच विचारलं.

न झालेला सीझन

आता मॅचच्या पुढचं. हे त्या रात्री मला सुचलंही नव्हतं.

मार्चमध्ये जर्सी सेलवर आली आणि मी १० नंबरची घेतली, तेव्हा पहिल्यांदा डोक्यात हिशेब आला. हे पैसे जातात कुठे? दुकानाला, कंपनीला, युनिव्हर्सिटीला. कोचचा पगार वर्षाला वीस लाख डॉलरच्या वर. आणि ज्याच्यामुळे जर्सी विकली जाते त्याला त्यातला छदामही नाही. स्कॉलरशिप होती, म्हणजे शिक्षण, राहणं, खाणं. ते थोडं नाही, मला कुणी दिलं असतं तर मी पाया पडले असते. पण आपल्या नावावर, आपल्या फोटोवर कमवायला एनसीएए या संघटनेची सक्त मनाई. मला व्हिसाची वीस तासांची दोरी, त्यांना ही. फरक इतकाच की माझ्या बटाट्यांना साडेतीन कोटी प्रेक्षक नव्हते.

२०१० मध्ये चौकशीचा निकाल आला. कॉलेजात असतानाच रेजी बुशने आणि त्याच्या घरच्यांनी एजंट व्हायला बघणाऱ्यांकडून पैसे आणि राहायला घर घेतलं, असं एनसीएएने ठरवलं. यूएससीवर दोन वर्षं सीझननंतरच्या मॅचची बंदी, ३० स्कॉलरशिप कापल्या. बुशने हाइजमन परत केली. २००४ सीझनचं अजिंक्यपद पुढच्या वर्षी काढून घेतलं. आणि सगळ्यात कहर म्हणजे २००५ सीझनचे त्यांचे सगळे १२ विजय रेकॉर्डमधून पुसले. हरलेली मॅच मात्र पुसत नाहीत. त्यामुळे त्या अफाट टीमचा अधिकृत हिशेब उरला शून्य विजय, एक पराभव. तोच, आमच्याकडून झालेला.

दादा तेव्हा सॅन होजेत नोकरी करत होता. फोनवर म्हणाला, "मी त्या सीझनला घरच्या मैदानावरच्या सगळ्या मॅच पाहिल्यात गं. स्टुडंट पास काढून. उन्हात. आता म्हणतात, झाल्याच नाहीत."

मी चिडवायला तोंड उघडलं होतं. मिटलं.

मग जग हळूहळू फिरलं. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात एनसीएएच्या विरोधात ९-० असा निकाल दिला, त्यानंतर दहा दिवसांतच, १ जुलैपासून, खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर कमवायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये तर अशी तडजोड मंजूर झाली की युनिव्हर्सिटीनेच खेळाडूंना थेट पैसे द्यावेत. २०२५-२६ साठी एका युनिव्हर्सिटीला मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. म्हणजे बुशचं सगळं काही उडालं ते ज्या कारणाने, ते पंधरा वर्षांत टेबलावरून मिळायला लागलं. एप्रिल २०२४ मध्ये त्याची हाइजमन त्याला परत दिली गेली. पुसलेले विजय ट्रॉफीबरोबर परत आले नाहीत.

मैदानावरचं कुणाचंच पुढे सरळ झालं नाही. व्हिन्स यंग २००६ मध्ये प्रोफेशनल लीगमध्ये तिसऱ्या नंबरवर निवडला गेला, पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला, आणि २०१४ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली. त्याआधी २०१३ मध्ये परत ऑस्टिनला येऊन त्याने डिग्री पुरी केली, ही बातमी मला त्या टचडाउनइतकीच आवडली होती. पीट कॅरल प्रोफेशनलमध्ये गेले, २०१४ मध्ये सुपर बोल जिंकले. पुढच्याच वर्षी पुन्हा सुपर बोल, पुन्हा शेवटची मिनिटं, या वेळी एकच वार हवा होता. ताकदीने घुसणारा माणूस हाताशी असताना त्यांनी पास टाकायला सांगितला. समोरच्याने पकडला. हरले! ती मॅच मी हिंजवडीला ऑफिसमध्ये हाफ डे टाकून पाहिली आणि दादाला एसएमएस केला: 'आता तरी व्हाइटला द्यायचा.'

आता तर फायनलचंही तंत्र बदललं. २०१४ च्या सीझनपासून चार टीमचा प्ले-ऑफ आला, २०२४ पासून बारांचा. जानेवारी २०२५ मध्ये ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ हरवून अजिंक्यपद घेतलं, आणि ही टीम सीझनमध्ये दोनदा हरली होती! न्याय्य आहे, मान्य. जास्त टीमना संधी, जास्त मॅच, जास्त पैसा. पण दोन्ही बाजूंना एकही पराभव माहीत नाही, आणि दोघांपैकी एकाला तो आज रात्री कळणार आहे, ही मजा गेली. मला जुनं तंत्र आवडायचं म्हणून नाही सांगत. ते भंगारच होतं. एकदाच मस्त चाललं, एवढंच.

बटाटेवाल्या पोराचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. सुट्टी संपल्यावर मेस उघडली त्या दिवशी तो आला होता. काउंटरवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी न विचारता दोन डाव वाढले. त्याने त्याच्या ट्रेकडे बघितलं आणि म्हणाला, मॅम, याचे वेगळे पैसे तर नाहीत ना?

दादा आता पुण्यातच असतो, माझ्यापासून चार सिग्नलवर. टी-शर्ट त्याने फेकलेला नाही, गाडी पुसायला वापरतो म्हणतो. दर ४ जानेवारीला आम्ही जेवायला भेटतो आणि जेवण झालं की मॅचचे शेवटचे सात मिनिटं लावतो. माझी मुलगी आणि त्याचा मुलगा 'पुन्हा तेच?' म्हणून उठून जातात. यूएससीचा चौथा प्रयत्न येतो, दोन वार हवे असतात, आणि दादा रिमोटने चित्र थांबवतो. स्क्रीनच्या अगदी जवळ जातो. कडेला उभ्या असलेल्या रेजी बुशवर बोट ठेवतो.

"याला आत पाठव ना रे," तो म्हणतो. "फक्त आत पाठव."